सुटलेली चप्पल

"ताई, लेकराचं उणं सारखं बोलून दाखवू नका," बायडाबाई म्हणाली होती. "ऐकणारं मनावर घेतंय."

बायडाबाई हरसूलची. बाळांना तेल लावून न्हाऊ घालायला इंदिरानगरात चार-पाच घरं धरून होती. त्या दिवशी आरोही तिच्या पायांवर पालथी होती. निकिता शेजारी मोबाइल घेऊन बसली होती. कितव्या महिन्यात बाळाने काय करायला हवं, याची यादी त्यात होती. दहावा महिना: आधार धरून उभं राहणं. त्यापुढची चौकट रिकामी होती.

"नजर-बिजर मी मानत नाही, मावशी."

"मी नजरंचं कुठं बोलले," बायडाबाई म्हणाली आणि आरोहीला उताणी केली.

निकिता हसली. पुढच्या आठवड्यात बायडाबाई सुनेच्या बाळंतपणाला गावी गेली आणि ते बोलणं निकिताच्या डोक्यातून गेलं.

दोन महिन्यांनी फादर पगारेंचा फोन आला तेव्हा गुरुवार होता. सकाळचे आठ.

"निकिता, चॅपेलमध्ये येऊन जातेस का? कॅमेरा आण."

"काय झालं, फादर?"

"बाळाचा पाय गेलाय."

निकिताचा हात आपोआप मांडीवरच्या आरोहीच्या पायाकडे गेला. पाय जागेवर होता. थंड होता.

"चित्रातल्या," फादर म्हणाले.

स्वयंपाकघरात तिच्या सासूबाई, लंकाबाई, नळाखाली सहाण घासत होत्या. बाळगुटी उगाळण्याचं काम त्यांचं. ते त्या कोणाला देत नसत.

"कुंकू उगाळता का काय माझ्या सहाणेवर?" त्या म्हणाल्या. "मागच्या आठवड्यातही अशीच लाल."

"बीट असेल, आई. मी तिच्यासाठी बीट किसते ना."

"सहाणेवर बीट किसतात? तुमच्या कॉलेजात असंच शिकवतात का?"

निकिताने ओढणी घेतली. आरोहीला उचललं. आरोही रडली नाही. दोन दिवस तिला शी झाली नव्हती, आणि ती मान खांद्यावर टाकून पडून राहायची. दात येत असतील, असं सगळे म्हणत होते.

*

चॅपेल लहान होतं. पत्र्याचं छत, वीस बाकं, आणि उजव्या भिंतीतल्या कोनाड्यात नित्य सहाय मातेची प्रतिमा. दर बुधवारी संध्याकाळी नोव्हेनाच्या प्रार्थनेला बाहेरपर्यंत लोक उभे असत. त्यात ख्रिस्ती जितके, तितकेच बाकीचे.

प्रतिमा सागाच्या फळीवर रंगवलेली होती. सत्तर वर्षांपूर्वी मिशनमधल्या कोंडाजी पेंटरने ती केली होती. एका परदेशी धर्मगुरूने त्याला जुनी पद्धत शिकवली: अंड्याच्या बलकात कालवलेली रंगाची पूड, आणि प्रभावळीला सोन्याचा वर्ख. निळ्या वस्त्रातली माता. तिच्या कडेवर बाळ येशू. वर दोन देवदूत क्रूस आणि भाला घेऊन आलेले. ते पाहून बाळ घाबरलंय, धावत आईकडे आलंय, आणि धावताना त्याच्या एका पायातली चप्पल सुटून बंदावर लोंबते आहे.

निकिताला सगळ्यात जास्त ती चप्पल आवडायची.

आता चप्पल नव्हती. तळव्याचा खालचा भाग नव्हता. तिथे उघडं लाकूड होतं.

"मला वाटत होतं, हातांनी झिजतंय," फादर म्हणाले. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. "सगळे त्या पायाला हात लावून कपाळाला लावतात. प्रतिमेवरची काच काढल्यापासून जास्तच. आज जवळून पाहिलं."

निकिता वाकली. मोबाइलचा दिवा तिरका धरला.

हातांनी झिजलेली जागा गुळगुळीत होते, चकाकते. देवळाच्या उंबऱ्यासारखी. ही जागा तशी नव्हती. इथे बारीक, सरळ, एकसारख्या रेघा होत्या. एका दिशेने काही, त्यांना छेदून काही. घाई नव्हती. कुठे टोक घसरलेलं नव्हतं.

तिने कोनाड्याच्या कठड्यावरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली, रंग नाही.

"फादर, आज कोणी झाडलं?"

"अजून नाही."

"मग पूड कुठे गेली?"

फादर वाकून कठड्याखालची फरशी पाहू लागले.

"एवढा रंग निघाला, तर त्याचे कण खाली पडायला हवेत," निकिता म्हणाली. "कोणीतरी खाली कागद धरलाय. मोडायला आलेला माणूस कागद धरत नाही."

निकिता बाळंतपणापर्यंत ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवायची. चॅपेलमधल्या जुन्या वस्तूंची फोटोंसह नोंदवही तिनेच केली होती. म्हणून फादरांनी पोलिसांआधी तिला बोलावलं. पोलीस आले की बातमी होते. बातमी झाली की कोणीतरी दुसऱ्या कोणाचंतरी नाव घेतं, आणि मग ते आवरत नाही.

"आठवडाभर मी गप्प बसतो," फादर म्हणाले. "तोवर बघ."

*

योगेशचं फ्रेमचं दुकान चॅपेलपासून चालत पाच मिनिटांवर. काच त्यानेच काढली होती.

"किती दिवस झाले काच काढून?"

"महिना झाला, वहिनी. फ्रेमला वाळवी लागली होती. औषध मारलंय, सुकतंय. बसा ना. बाळाला पंख्याखाली घ्या."

"प्रतिमेचा रंग कोणीतरी खरवडलाय, योगेश."

त्याने हातातली पट्टी खाली ठेवली. "म्हणजे मी?"

"मी विचारतेय."

"मी चोर असतो तर सोन्याचा वर्ख सोडून चप्पल नेली असती का? लोक हसतील मला." मग त्याने तिच्या मोबाइलमधला फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ पाहत राहिला. "हे आमचं काम नाही. आमची पटाशी खड्डा पाडते, साल काढते. इथे साल नाही, भुकटी काढलीये. लोखंड घासून सपाट करायचा स्क्रेपर आहे हा. लेथ मशीनचा बेड असा घासतात, उभा-आडवा. कंपनीतला हात आहे, वहिनी. चांगला हात आहे."

नाशकात कंपनीतले हात हजारो. पण निकिताच्या घरात दोन होते. नवरा शेखर आणि धाकटा दीर महेश. दोघेही एकाच आयटीआयमधून निघालेले, दोघेही टूलरूममध्ये.

महेशने दोन वर्षांपूर्वी मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, सोडली होती. ज्या प्रार्थना-गटात तो जायचा तिथे प्रतिमा, मूर्ती, मेणबत्ती काही चालत नसे. लंकाबाईंनी जपमाळ दिली तेव्हा त्याने ती हळूच टेबलावर परत ठेवली होती. तेव्हापासून तो अंबडला खोली घेऊन राहायचा.

निकिता शुक्रवारी दुपारी तिथे गेली.

"भाऊजी, तुमचा स्क्रेपर कुठे आहे?"

"कंपनीत. कुलपात." त्याने फोटो पाहिला.  "मी केलं असं वाटतं तुम्हाला?"

"तुम्हाला त्या चित्राचा राग आहे."

"राग नाही, वहिनी. वाईट वाटतं. लाकडाला माणसं आई म्हणतात याचं." त्याने मोबाइल परत दिला. "इतिहास तुम्ही शिकवता. पूर्वी ज्यांनी प्रतिमा मोडल्या त्यांनी आधी काय काढलं?"

"डोळे."

"मग? मला मोडायचीच असती तर मी पायाशी कशाला बसलो असतो? पाय माणूस मागायला धरतो."

निकिता रिक्षात बसली तेव्हा हे वाक्य तिच्यासोबत होतं. तिला ते बरोबर वाटत होतं, आणि त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं.

घरी आल्यावर तिने मोबाइलमधले जुने फोटो उघडले. चित्राचे नव्हेत, आरोहीचे. दर बुधवारी नोव्हेनाआधी ती आरोहीला त्या कोनाड्यासमोर धरून एक फोटो काढायची. किती वाढली हे कळावं म्हणून. जागा तीच, अंतर तेच. शेखरच्या हातात आरोही, मागे प्रतिमा.

काच काढल्यानंतरचा पहिला बुधवार: चप्पल पूर्ण, शेंदरी लाल.

दुसरा: बंद गेलेला.

तिसरा: अर्धी चप्पल.

चौथा: टाचेकडचा तुकडा उरलेला.

पाचवा, म्हणजे परवाचा: फोटोत एक लाल ठिपका. आणि गुरुवारी सकाळी तोही नाही.

दर आठवड्याला थोडं. मोजून घेतल्यासारखं. निकिताने तारखा वहीत उतरवल्या. फोटोंत ती फक्त मागचा कोनाडा पाहत होती.

*

सोमवारी दुपारी आरोहीने तीन वेळा उलटी केली आणि मग ती हाक मारली तरी डोळे उघडेना.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरबाईंनी पोटाचा एक्स-रे काढला. तो दिव्यासमोर धरला. पोटात पांढरे ठिपके होते. चिमूटभर वाळू विखरावी तसे.

"हिने काय खाल्लंय?"

"वरण-भात. बीट. नागलीची पेज. बाळगुटी."

"माती? भिंतीचा रंग? खेळणी चाटते?"

"मी तिला खाली एकटी सोडत नाही."

"रक्त फारच कमी आहे. मला शिशाची शंका आहे. तपासणी मुंबईला पाठवतोय, बुधवारी कळेल." डॉक्टरबाई लंकाबाईंकडे वळल्या. "आजी, काजळ, सुरमा, शेंदूर, काही लावता का तिला? चाटवता का?"

"आम्ही ख्रिस्ती आहोत," लंकाबाई म्हणाल्या. "आमच्यात शेंदूर नसतो. आणि शेंदूर चाटवायला मी काय वेडी आहे? शेंदूर खाल्ला की माणसाचा आवाज जातो, लहानपणापासून ऐकतेय."

"गुटीतलं सगळं आणून द्या मला."

लंकाबाईंनी हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, सगळी पिशवी आणून टेबलावर ठेवली. 

निकिताला रडू आलं नाही. ती कॉटशेजारच्या स्टुलावर बसून सलाइनचे थेंब पाहत होती. शेखर भिंतीला टेकून उभा होता. त्याने तिला पाणी आणून दिलं, तिने ते प्यायलं. पाण्याला चव नव्हती. मंगळवार असाच गेला.

बुधवारी सकाळी रिपोर्ट आला. शिसंच होतं.

"औषध सुरू केलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण एक लक्षात घ्या. हे एकदाचं नाही. हे थोडं थोडं, काही आठवडे पोटात गेलंय. कुठून आलं ते सापडलं नाही, तर मी तिला बरी करून त्याच विषाकडे परत पाठवणार. आणखी एक खेप तिच्या मेंदूला झेपणार नाही."

*

अकरा वाजता फादर पगारे आले. त्यांनी आरोहीच्या कपाळावर क्रूसाची खूण केली आणि पिशवीतून एक जुनी वही काढली. निकितानेच मागितली होती, गुरुवारी, जेव्हा पायाचं गूढ सगळ्यात मोठं होतं.

"कोंडाजीची रंगांची वही. म्हटलं तुझं मन जरा रमेल."

निकिताने ती उघडली. करायला दुसरं काही नव्हतं. वळणदार मोडकं अक्षर. मातेचं वस्त्र: नीळ. कातडी: गेरू आणि सफेदा. मग हे:

"बाळाच्या चपलेला शेंदूर. आमच्या गावी म्हसोबाला लावतो तोच, जाड दिला. फादर म्हणाले मूळ चित्रात असा नाही. मी म्हणालो आमच्याकडे देवाला हाच रंग लागतो. फादर हसले, राहू दे म्हणाले."

तिने ती ओळ दोनदा वाचली. मग मोबाइल काढून पाच बुधवारचे पाच फोटो पुन्हा उघडले. यावेळी तिने मागे पाहिलं नाही. पुढे पाहिलं.

पहिल्या फोटोत आरोही हसत होती. दुसऱ्यात कमी. तिसऱ्यात तिचे ओठ फिकट. चौथ्यात मान शेखरच्या खांद्यावर. पाचव्यात तिचा रंग मेणासारखा होता.

मागे चप्पल जात होती. पुढे मूल जात होतं.

"फादर," ती म्हणाली. तिचा आवाज तिला लांबून ऐकू आला. "काच काढली त्या बुधवारी तुमचं प्रवचन प्रतिमांवर होतं ना?"

"हो. काच काढली म्हणूनच."

"मी अर्धंच ऐकलं. आरोही कुरकुरायला लागली म्हणून मी बाहेर गेले. तुम्ही पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या तळघरातल्या थडग्यांपर्यंत आला होता. भिंतीवर काढलेला मेंढपाळ. पुढे काय सांगितलंत?"

"पुढे... पाटावरच्या प्रतिमा कशा आल्या. आयकॉन काढत नाहीत, लिहितात म्हणतात, ते. मग प्रतिमा असाव्यात की नसाव्यात यावर शंभर वर्षं भांडण चाललं, आणि धर्मसभेने ठरवलं की मान लाकडाला नाही, त्यात जो दिसतो त्याला पोहोचतो." फादर थांबले. "आणि एक जुनी हकिकत. पूर्वेकडच्या एका शहरातली. दोन वैद्य संतांची चित्रं भिंतीवर होती. एक बाई पोटदुखीने मरायला टेकली होती. तिने चित्राचा रंग नखाने खरवडला, पाण्यात घालून प्यायली, आणि..."

ते बोलायचे थांबले.

"आणि बरी झाली," निकिता म्हणाली.

"मी पुढेही बोललो होतो, निकिता. आपण असं करायचं नाही, हेही बोललो होतो."

दार उघडलं. शेखर डबा घेऊन आला होता. कंपनीच्या निळ्या शर्टातच. त्याने फादरांना नमस्कार केला, आरोहीच्या पायावरचं पांघरूण नीट केलं.

"तू तीन दिवस झोपली नाहीस," तो निकिताला म्हणाला. "आज घरी जा. उद्या गुरुवार आहे, सकाळी मी बसतो तिच्यापाशी."

निकिताने त्याच्याकडे पाहिलं. त्याचा हात शर्टाच्या खिशावर होता. काही आहे ना, हे चाचपावं तसा.

"महेशभाऊजींना बोलवा," ती म्हणाली. "आणि आईंनाही. आत्ता."

*

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर नातेवाइकांसाठी बाकं होती. वरती आरोहीजवळ नर्सला बसवून ती खाली आली. दुपारचं ऊन फरशीवर पडलं होतं. लंकाबाई, महेश, फादर आणि शेखर. निकिता उभी राहिली. वर्गात उभी राहायची तशी.

"मला बोलू द्या. मधे कोणी बोलू नका, नाहीतर मला जमणार नाही.

"आरोहीच्या पोटातलं शिसं आणि चॅपेलमधली चप्पल ही एकच वस्तू आहे. कोंडाजीने ती शेंदराने रंगवली होती. शेंदूर म्हणजे शिसं. कोणीतरी ती दर आठवड्याला थोडी खरवडली, कागदावर झेलली आणि माझ्या मुलीला दिली."

लंकाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"मी योगेशवर संशय घेतला. तो म्हणाला, चोर सोनं नेतो. खरं होतं. मी भाऊजींवर घेतला. ते म्हणाले, राग असलेला माणूस डोळे काढतो, पाय माणूस मागायला धरतो. तेही खरं होतं. मग पायाकडे कोण काय मागेल? ज्याच्या घरात मूल उभं राहत नाही, तो.

"आई, सहाण कोणत्या दिवशी लाल असायची?"

लंकाबाईंनी बोटांवर दिवस मोजले. "गुरुवारी," त्या म्हणाल्या. "मी आठला गुटी करायला घ्यायचे तेव्हा."

"म्हणजे आठच्या आधी कोणीतरी त्याच सहाणेवर लाल काहीतरी दुधात उगाळलं होतं. मी बीट म्हणाले. आई म्हणाल्या, सहाणेवर बीट किसतात का. आईंचं बरोबर होतं. मी ऐकलं नाही.

"गुरुवारी मी झोपलेली असते. एकच दिवस. कारण गुरुवारी चॅपेल उघडायची पाळी ज्याची, तो साडेपाचला उघडतो, सहाला घरी येतो, आरोहीला माझ्या कुशीतून उचलून नेतो आणि म्हणतो, झोप तासभर. मला ते प्रेम वाटायचं."

तिने शेखरकडे पाहिलं.

"ते प्रेमच होतं," ती म्हणाली. "आणि त्याचा हात चांगला आहे, असं योगेश म्हणाला."

 मग शेखरने शर्टाच्या खिशातून जपमाळेची पितळी डबी काढली आणि बाकावर ठेवली. महेशने ती उघडली. आत चिमूटभर शेंदरी पूड होती.

"नखावर मावेल एवढीच," शेखर म्हणाला. "प्रत्येक वेळी तेवढीच."

"दादा," महेश म्हणाला आणि त्याने डबी मिटली.

"निकिता रोज म्हणायची, आरोही उभी राहत नाही. सकाळी म्हणायची, जेवताना म्हणायची. मी काय करू?" शेखर फरशीकडे पाहून बोलत होता. "कंपनीत दोन मायक्रॉनचा फरक माझ्या हाताला कळतो. घरात मला काही कळत नव्हतं. मग फादरांनी त्या बाईचं सांगितलं. मला वाटलं, हे मला जमेल. हे काम मला येतं."

"मी पुढे म्हणालो होतो ना, शेखर," फादर म्हणाले.  "म्हणालो होतो की ती त्या काळच्या लोकांची श्रद्धा. प्रतिमेचा मान राखायचा, प्रतिमा पोटात घालायची नाही. आजारी माणसाला डॉक्टरकडे न्यायचं. तू ऐकलं नाहीस?"

"मी तेव्हा बाहेर होतो," शेखर म्हणाला.

निकिताला आठवलं. चॅपेलच्या बाहेर, हापशाजवळ, आरोही कडेवर वळवळत होती आणि हात भरून आले होते. तिने मोबाइल काढून शेखरला मिस्ड कॉल दिला होता. तो आला होता. चेहऱ्यावर काहीतरी वेगळं होतं, तिला वाटलं उकाड्याने असेल. "दे तिला," तो म्हणाला होता.

"मी बोलावलं होतं त्याला," निकिता म्हणाली.

डबी तिनेच उचलली आणि वर डॉक्टरबाईंना नेऊन दिली.

*

आरोही अठरा दिवसांनी घरी आली. रक्तातलं शिसं उतरतंय. डॉक्टरबाई म्हणतात, बाकीचं हळूहळू कळेल. बोलायला लागली की, शाळेत गेली की. पाच वर्षांची होईपर्यंत तपासत राहायचं.

पोलिसांत कोणी गेलं नाही. योगेशने नवी काच बसवली. फादरांनी विचारलं, पाय पुन्हा रंगवून घ्यायचा का. निकिता म्हणाली, राहू दे. लोक आता काचेला हात लावून कपाळाला लावतात. खाली उघडं लाकूड दिसतं.

तेराव्या महिन्यात आरोही कपाट धरून उभी राहिली. लंकाबाईंनी पाहिलं, निकिताने पाहिलं. शेखर तेव्हा घरात नव्हता. हॉस्पिटलमधूनच तो महेशच्या खोलीवर गेला, तो तिथेच आहे. त्याला जा असं कोणी म्हटलं नव्हतं. थांब असंही कोणी म्हटलं नव्हतं.

बायडाबाई परत कामाला आली. निकिताने तिला सगळं सांगितलं. तिने आरोहीच्या पायांना तेल चोळलं आणि एवढंच विचारलं, "दादा जेवतात का?"

निकिता मीच. हे तिचं म्हणून लिहिलं, कारण "मी" लिहिलं की हात थांबतो. यादी मी मोबाइलमधून काढून टाकली. आरोहीबद्दल काही वाटलं तर आता मोठ्याने बोलत नाही. पण शेखरला मोठ्याने सांगायचं जे आहे, घरी ये एवढं, तेही बोलता येत नाही.

बुधवारी तुम्ही नोव्हेनाला आलात तर डावीकडच्या शेवटच्या बाकावर एक माणूस बसलेला दिसेल. निळा शर्ट. तो प्रतिमेजवळ जात नाही. त्याला दोष देऊ नका, समजावूही नका. जेवलास का, एवढं विचारा. आणि विचारलंत तर जरा थांबा. तो लगेच बोलत नाही.